आमचे पितळी तपेले

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसा तंटा उपस्थित झाला. घर रंगवावयाचे होते, म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा गोणपाटात बांधून ठेवलेली जुनी भांडी खाली आली. एक गंगाळ, दोन तांबे, एक परात, बिनदांड्याचे एक ओगराळे आणि सर्वांच्या तळाशी पालथे घातलेले एक तपेले. ही भांडी पितळेची आहेत असे कोणी सांगितल्यावाचून कळू नये, अशी त्यांची दशा झाली होती. गंगाळ काळसर तपकिरी पडले होते. तांब्यांच्या गळ्याशी हिरवट पूड धरली होती. परातीवर कोळ्यांनी आपला संसार मांडला होता.

आमच्या पत्नीचे म्हणणे असे की, भांडी एक तर वापरावी, नाही तर मोडीत घालावी. माळ्यावर ठेवण्यासाठी कोणी भांडी करीत नाही. हे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. आमच्या कन्येचे मत निराळे पडले. ती आठव्या इयत्तेत आहे, आणि या वयात प्रत्येक गोष्टीवर तोडगा तयार असतो. तिने आपल्या आईच्या मोबाइलवर कोठे तरी पाहिले होते की, न्हाणीघर धुण्याचे ॲसिड ओतले असता काळेकुट्ट पितळ डोळ्यांदेखत लखलखीत होते. ती बाटली आणावयास उठलीही. तेव्हा आम्ही "नाही!" असे एवढ्या मोठ्याने ओरडलो की, रंगारी शिडीवरून वळून पाहू लागला.

आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे की, आम्ही फारसे ओरडत नाही. त्या दिवशी का ओरडलो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे. त्यात थोडे रसायनशास्त्र येईल, त्याला इलाज नाही. शिक्षकाच्या पेशाची ती खोड आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. घरगुती भांड्यांच्या पितळेत शंभर भागांत साधारणतः साठ ते सत्तर भाग तांबे असते, आणि उरलेला बहुतेक भाग जस्ताचा असतो. (कांसे ते निराळे. त्यात तांब्याच्या जोडीस कथील असते. वर्गात दरवर्षी निदान दहा मुले या दोहोंत घोटाळा करतात, म्हणून हा कंस.) नवे भांडे सोन्यासारखे दिसते, परंतु हवेतील प्राणवायू पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे लागलेला असतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर जमतो. चुलीचा तेलकट धूर, हवेतील गंधकयुक्त वायू, पावसाळी ओल आणि आपल्या बोटांच्या घामातील मीठ, ही सारी त्या कामी हातभार लावतात. प्रथम झळाळी मंदावते, मग तपकिरी झाक येते, मग काळवंडणे सुरू होते. जेथे ओल साचून राहते तेथे हिरवा कळंक धरतो. हा कळंक पोटात जाणे घातक आहे. म्हणूनच ताक किंवा चिंचेची आमटी उघड्या पितळेत ठेवू नये, ती कळकते, हे ज्ञान रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडताही आपल्या घरोघरच्या बायकांना होते.

एक गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. तो सर्वांगावर समसमान बसलेला तपकिरी थर हा केवळ मळ नव्हे. तो धातूपासूनच झालेला आहे, आणि तो एकदा बसला म्हणजे खालच्या धातूचे काही अंशी रक्षणही करतो. अर्थात तो काढला म्हणजे धातूचाच एक पापुद्रा गेला. तो किती जावा, हे घासणाराच्या हाती असते.

आमची आजी या कामात निष्णात होती. अहिल्यानगर जिल्ह्यात, त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यात, राहुरीकडच्या एका खेड्यात आमचे घर होते. घरामागे विहीर, विहिरीपाशी एक मोठा चपटा दगड, आणि दर शनिवारी दुपारी त्या दगडावर आजीचा पसारा. आदितवारी देवळात जावयाचे, त्याच्या आदल्या दिवशी घरातील माणसे, कपडे आणि भांडी ही तिन्ही स्वच्छ झालीच पाहिजेत, असा तिचा दंडक होता. त्यांतील माणसांचा क्रम शेवटचा असे.

तिची पद्धत ठरलेली होती. प्रथम चुलीतील गार राख चाळून घ्यावयाची. चाळणीत राहिलेला कोळशाचा खडा भांड्यावर जाता कामा नये, कारण एकच खडा शंभर ओरखडे काढतो. नारळाच्या शेंडीचा बोळा ओला करून त्यावर राख घ्यावयाची आणि भांड्याचा तेलकटपणा काढावयाचा. हे पहिले का, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तेलावर चिंच बसत नाही, बाबा." पुढे महाविद्यालयात आम्ही शिकलो की, राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा तोडतो; आणि आम्लाला तेलाच्या थराखाली शिरता येत नाही. आजीचे वाक्य आमच्या प्राध्यापकांच्या वाक्याहून लहान होते, आणि त्यात उणे काहीच नव्हते.

राख धुऊन काढल्यावर चिंचेची पाळी. आदल्या दिवशीच्या आमटीसाठी भिजविलेल्या चिंचेचा चोथा ती टाकीत नसे. तो एका फुटक्या वाडग्यात झाकून ठेवलेला असे. त्यात चिमूटभर जाडे मीठ घालून ती भांड्याला नुसते फासावयाची, घासावयाची नाही. चिंचेतील टार्टारिक आम्ल, किंवा लिंबू असल्यास सायट्रिक आम्ल, ऑक्साइडच्या थरास विरघळविते. मिठाने ते काम जलद होते. अशी सौम्य आम्ले काळ्या थरावर पटकन चालतात, खालच्या धातूस मात्र हळूहळू लागतात, हीच त्यातली मेख. काळपटपणा सुटून चोथा काळाहिरवा झाला की आजी लगेच पाणी ओती. "लई वेळ ठेवायचं नाही," असे ती नेहमी म्हणे. मग दोनदा, तीनदा, चारदा पाणी. काठाच्या आत, कानाखाली, जोडाच्या फटीत आम्ल राहिले तर दुसऱ्या दिवशी तेथे हिरवे दिसे, आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत तिच्या मनाला ती बोच राही.

शेवटी कोरडे करणे. या कामाकडे हल्ली सर्वांचे दुर्लक्ष होते. भांडे आपोआप वाळू दिले की पाण्याचे थेंब जेथे सुकतात तेथे डाग पडतात, आणि काळवंडण्याची सुरुवात त्याच डागांपासून होते. आजी जुन्या लुगड्याच्या धडप्याने प्रत्येक भांडे खडखडीत पुसून ते घटकाभर उन्हात पालथे घाली. सणावारी, म्हणजे नाताळ आणि ईस्टरच्या आधी, तीवर आणखी एक हात फिरे: विटेची वस्त्रगाळ पूड कोरड्या फडक्यावर घेऊन अगदी हलक्या हाताने. ही पूड वर्षातून दोनदाच. तिसऱ्यांदा मागितली तर मिळत नसे.

त्या उन्हात पालथ्या घातलेल्या भांड्यांत आम्ही आपली तोंडे पाहत असू. तपेल्याच्या फुगीर पोटावर नाक भोपळ्याएवढे दिसे. निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात, स्त्रियांनी दिलेल्या आरशांपासून निवासमंडपाचे पितळी गंगाळ केल्याची हकीकत आहे. काच दुर्मिळ होती त्या काळी धातूस घोटूनच आरसे करीत. (तो धातू खरे म्हणजे कांसे असावा, असे विद्वान सांगतात.) ही हकीकत आजीने वाचून दाखविली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आमचे स्वतःचेच गंगाळ आले, आणि त्यात इस्राएली बायका भोपळ्याएवढी नाके पाहत आहेत, असे वाटून आम्ही प्रार्थनेत हसलो. त्याबद्दल जी शिक्षा झाली तिचा येथे उल्लेख करण्याचे कारण नाही.

आता त्या तपेल्याविषयी. ते आजीच्या लग्नातले. तिचे थोरले बंधू मुंबईस गिरणीत कामास होते. १९४६ साली आजीचे लग्न ठरले, तेव्हा त्यांनी पगारातून पैसे साठवून ते तपेले घेतले आणि आगगाडीने स्वतः घेऊन आले. आपल्याकडील रीतीप्रमाणे त्यावर नाव घातलेले होते. हातोडी आणि बारीक खिळ्यासारखे हत्यार घेऊन दुकानात बसणारा मनुष्य टिंबाटिंबांनी अक्षरे काढतो, ती आमच्या वाचकांनी आपल्या घरच्या भांड्यांवर पाहिली असतील. काठाच्या खाली तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत देणाराचे नाव, दुसऱ्या ओळीत घेणारीचे, तिसऱ्या ओळीत साल. शाळेत जाण्यापूर्वी आम्ही अक्षरांवर बोट फिरवावयास शिकलो ते या टिंबांवर.

लग्नानंतर दोन वर्षांनी ते बंधू तापाने वारले. अंत्यविधीस आजीला जाता आले नाही. मागे फोटो नाही, पत्र नाही. खेड्यातून गिरणीत गेलेल्या गरीब मनुष्याचे काय राहणार? त्यांचे नाव लिहिलेली दुसरी वस्तू आमच्या घरात नव्हती. आजी हे कधी बोलून दाखवीत नसे. एवढेच होते की, तपेल्याचा नाव असलेला भाग ती चिंचेने पुसून काढी, पण त्यावर विटेची पूड कधीही फिरवीत नसे. त्यामुळे सारे तपेले चकचकीत असताना काठाखालचा हातभर पट्टा किंचित मंद दिसे. तेथे हात पुरला नसेल, असे आम्हांस वाटे.

आमचा पहिला अपराध १९९२ सालच्या नाताळचा. आम्ही बारा वर्षांचे होतो. आजी आजारी होती, आणि तिला थक्क करावे असा आमचा विचार. गावातील सोनाराच्या मुलाशी आमची मैत्री होती. त्याच्याकडून एका शिशीत ॲसिड मिळाले. ते परातीत ओतले. एक फेस आला, नाकात झिणझिण्या गेल्या, आणि परात खरोखर उजळली. आम्ही आनंदाने ती तशीच ठेवून खेळावयास गेलो. परत येऊन पाहतो तो परातीचा तळ पिवळा नव्हे, तांबूस गुलाबी! जणू पितळेस भाजल्याचे चट्टे उठले होते. कितीही घासले तरी ते जाईनात.

जाणार कसे? तीव्र आम्लाने पितळेतील जस्त खाऊन टाकले होते, आणि वर नुसते तांबे उरले होते. जस्त हा धातू आम्लास तांब्याहून लवकर वश होतो. पितळेचे पिवळेपण जस्तावर आहे. ते निघून गेले की रंग जातो आणि तेथला धातू ठिसूळ व सच्छिद्र होतो. ही परात आजही आमच्या घरी आहे, आणि त्या चट्ट्यांत दरवेळी प्रथम कळंक धरतो. चिंच रात्रभर लावून ठेवली तरी थोड्या प्रमाणात हेच होते. आजीचे "लई वेळ ठेवायचं नाही" याचे मर्म ते.

आजीने अंथरुणावर उठून बसून परात पाहिली. आम्ही मार खाण्याच्या तयारीने उभे. ती म्हणाली, "अरे बाबा, भांड्याला आंघोळ घालायची असते. त्याचं कातडं काढायचं नसतं." एवढे बोलून ती पुन्हा निजली. आम्हांस वाटले, प्रकरण येथेच मिटले.

पितळेच्या भांड्यांचे दिवस तेव्हाच भरत आले होते. न गंजणारे पोलाद १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी बनविले, पण आमच्या खेड्यातील स्वयंपाकघरात ते शिरावयास साठ-सत्तर वर्षे लागली. शिरले ते मात्र घर बळकावूनच. त्यास चिंच नको, राख नको, आणि मुख्य म्हणजे कल्हई नको. कल्हईवाला पूर्वी वर्षातून दोनदा येई. पिंपळाखाली खड्डा करून भाता लावी. भांडे तापवून नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि कथलाची कांडी टेकताच ती पाण्यासारखी पसरे. कथील अवघ्या २३२ अंशांवर वितळते. कापसाच्या बोळ्याने एक फेर दिला की पिवळ्या भांड्याचे पोट चांदीचे होई. आम्ही सारी मुले त्या जादूसाठी शाळा बुडवीत असू, हे आता शिक्षक म्हणून लिहिताना जीभ अडखळते. पुढे तो वर्षातून एकदा येऊ लागला. मग येईनासा झाला. कल्हई नाही म्हणजे पितळेत स्वयंपाक नाही. मग घरोघरचे हंडे, कळश्या, पातेली वजनावर मोडीत गेली. आमच्याकडील हंडाही गेला. त्याच्या बदली स्टीलचे सहा डबे आले, आणि त्या डब्यांचे त्या वेळी आम्हां सर्वांस फार कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे. तपेले मात्र आजीने तराजूत घालू दिले नाही.

आमचा दुसरा अपराध पुष्कळ मोठा आहे. तो आम्ही पदवीधर झाल्यावर, रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून नेमणूक झाल्यावर, म्हणजे पूर्ण जाणतेपणी केला. २०११ साली आम्ही नवे घर घेतले आणि आजीस आपल्याकडे आणिले. ती ब्याऐंशी वर्षांची होती, दृष्टी फार अधू झाली होती. तिच्याबरोबर तपेलेही आले. ठिकठिकाणी पोचे पडलेले, काळवंडलेले. गृहप्रवेशास पाहुणे यावयाचे होते. बैठकीच्या कोनाड्यात ते ठेवले तर शोभून दिसेल, असे आमच्या मनात आले. आम्ही ते एका भांड्यांच्या दुकानात पोचे काढून पॉलिश करण्यास दिले.

दुकानदाराने विचारले, "मशीनवर मारू ना?" आम्ही म्हणालो, "मारा." आमची चूक या एका शब्दाची आहे, त्या बिचाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याने सांगितलेले काम उत्तम केले.

यंत्रावरचे पॉलिश म्हणजे काय, हे पालकांनी समजून घ्यावे. आधी खरखरीत पट्ट्याने भांड्याचा पृष्ठभाग खरवडतात, म्हणजे ओरखडे आणि बारीक खळगे जेवढे खोल असतील तेवढी भोवतालची धातू खाली येते. मग कापडी चाकावर घोटण्याचे मसाले लावून त्यास आरशासारखे करतात. यंत्रास ओरखडा कोणता आणि अक्षर कोणते, हे कळत नाही. दोन्ही खळगेच. आमच्या शाळेतील छात्रसेनेच्या मुलांस याचा लहानसा अनुभव असतो. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली. तेव्हापासून किती मुलांनी पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासो लावून घासले असेल! वारशाने मिळालेले जुने बक्कल पाहा. त्यावरची उठावाची नक्षी गुळगुळीत झालेली दिसेल. ब्रासोसारख्या द्रवात अतिशय बारीक पूड असते, तीच धातू झिजविते. (आणि त्यातील इतर द्रव्ये पोटात जाण्याजोगी नाहीत, म्हणून जेवणाच्या भांड्यास ते लावू नये.) जुनी नाणी जमविणारे लोक नाणे घासत नाहीत, घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. ताम्रपट सापडला तर जाणता मनुष्य तो चिंच घेऊन चकचकीत करावयास बसत नाही, कारण राजाचे दान, गावाची सीमा, शक आणि तिथी ही सारी त्या धातूच्या वरच्या पापुद्र्यातच असतात. हे सर्व आम्ही वर्गात शिकवीत होतो. तरी "मारा" म्हणालो.

तपेले घरी आले ते असे काही झळकत होते की, पाहुण्यांपैकी दोघांनी ते नवीन कोठून घेतले म्हणून विचारले. आम्ही ते आजीच्या मांडीवर नेऊन ठेविले. तिला दिसत नव्हतेच. तिने दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि उजव्या हाताचे बोट काठाखाली नेहमीच्या जागी नेले. ते एकदा डावीकडे गेले, एकदा उजवीकडे आले. पुन्हा डावीकडे गेले. "लई गुळगुळीत झालंय," ती म्हणाली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आपण काय करून बसलो. आम्ही काही बोलू शकलो नाही. मग तिने तपेल्यात हात घातला, आतून जरा वेळ चाचपले, आणि ते बाजूस ठेवून दिले. कल्हई शिल्लक आहे की नाही ते पाहत असावी, असे आम्ही समजलो.

पुढे दोन वर्षे ती आमच्याकडे होती. तपेल्याविषयी एक शब्दही तिने काढला नाही. पाहुण्यांदेखत तर ती म्हणे, नातवाने माझ्या भांड्याला सोन्याचं केलं. तिच्या पश्चात ते कोनाड्यात ठेवणे आम्हांस होईना. गोणपाटात बांधून माळ्यावर कोणी टाकले, असा प्रश्न गेल्या नाताळात निघाला. ते आम्हीच टाकले होते.

असो. ही सर्व हकीकत त्या दिवशी कन्येस सांगावी लागली, कारण एवढ्या मोठ्या "नाही"चा खुलासा तिने मागितला. ऐकून घेतल्यावर ती ॲसिडच्या नादास लागली नाही. तिने स्वयंपाकघरातून चिंच आणली. राख मिळेना, तेव्हा भांडी घासण्याचा साबण आणि मऊ फडके घेतले. तेलकटपणा काढावयाचा तर साबणही चालतो, एवढेच की तारेची घासणी वापरू नये. दुकानातील तयार पूडही, जी हल्ली बहुतेक घरी असते, वाईट नाही. तीतही मुख्यतः आम्ल आणि बारीक पूडच असते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापरावी आणि लगेच धुवावे. (शोभेच्या नव्या पितळी वस्तूंवर मात्र पारदर्शक लाखेसारखा लेप असतो. तो शाबूत आहे तोवर त्यांस कोरड्या कापडाखेरीज काही लावू नये. त्यावर चिंच घासून "काहीच होत नाही" अशी तक्रार घेऊन येणारे पालक आम्हांस भेटले आहेत.)

तांबे निघाले, गंगाळ निघाले. मग तिने तपेले घेतले. बाहेरून ते चौदा वर्षांत पुन्हा तपकिरी पडले होते. आतली कल्हई करडी व झिजलेली, आणि तिच्यावर धुळीचे कीट. आत चिंच लावू नकोस, कथील पातळ असते, नुसते साबणाच्या पाण्याने पूस, असे सांगून आम्ही वर्तमानपत्र वाचावयास बसलो.

थोड्या वेळाने हाक आली. "पप्पा, इथं आत पिवळे ठिपके का आलेत?"

आम्ही विजेरी घेऊन आत पाहिले. काठाच्या खाली, करड्या कल्हईवर, सुईच्या टोकाएवढे पिवळे ठिपके रांगेने उमटले होते. तपेल्याचा पत्रा पातळ होता. १९४६ साली बाहेरून टिंबे ठोकताना, जेथे घाव जोराचा बसला तेथे पत्रा आत किंचित उचलला गेला होता. बाहेरचे खळगे यंत्राने नाहीसे केले. आतून कोणी यंत्र घातले नव्हते. आणि आतले उंचवटे इतरांहून वर असल्यामुळे, वर्षानुवर्षे हात फिरून त्यांच्यावरची कल्हई प्रथम गेली व पितळ उघडे पडले. उलटी अक्षरे होती, आणि सगळी नव्हती.

कन्येने आपला लहान आरसा आणला. तो तपेल्यात धरून, विजेरी तिरपी करून, आम्ही दोघे तासभर वाचीत बसलो. पहिल्या ओळीतील पहिले अक्षर लागले, आणि शेवटची दोन. मधल्या जागी ठिपके विरळ आहेत. दुसऱ्या ओळीतील काहीच लागत नाही. तिसऱ्या ओळीत ४६ स्पष्ट आहे. आमच्या पत्नीने येऊन पाहिले, आणि मोडीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. तिने विचारले ते एवढेच की, आजींना हे ठाऊक होते काय? आम्हांस गृहप्रवेशाचा तो दिवस आठवला, आणि तपेल्यात गेलेला तो हात.

आता एक अडचण राहिली आहे. तपेले वापरात आणावे, अशी घरात सर्वांची इच्छा आहे. त्यात अन्न शिजवावयाचे तर नवी कल्हई हवी. आम्ही चौकशी केली. पुण्यात अद्याप हे काम करणारे कारागीर आहेत. परंतु नवी कल्हई लावण्यापूर्वी भांडे आतून घासून स्वच्छ करावे लागते, नाही तर कथील धरत नाही, आणि धरल्यावर ते पिवळे ठिपके झाकून जाणार. कन्येने एका कागदावर ते सर्व ठिपके जसेच्या तसे उतरून घेतले आहेत. आमची पत्नी म्हणते, कागद झाला, आता कल्हई करा. कन्या म्हणते, थांबा. तूर्त तपेले स्वयंपाकघराच्या खिडकीत कोरडे करून पालथे घातलेले आहे.